उन्हाळ्यात पाऊण इंचाचा ग्रुप, थंडीत तीच काडतुसं आडवी. पावडर वाढवू का?

बावीसवाला

मंडळी कोडं पडलंय, दोन आठवडे डोकं खाजवतोय. रायफल .22-250 काडतुसाची, बोल्ट अॅक्शन, जुनी, वापरलेली घेतलेली त्यामुळे बॅरल मूळची आहे की कुणी बदललीय ते ठाऊक नाही. काडतुसं घरीच भरतो, तीनेक वर्षं झाली. आधी कायम 52 ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं माप) सपाट बुडाची गोळी चालवायचो, एकदम मस्त, कधी तक्रार नाही. मग वाऱ्यात कमी सरकावी म्हणून 60 ग्रेनवर गेलो, पुस्तकातल्या सुरुवातीच्या लोडपासून (पावडरच्या मापापासून) हळूहळू वर चढत एक जागा सापडली, भर उन्हाळ्यात 100 यार्डांवर पाच गोळ्या पाऊण इंचात. खूश झालो आणि एका दमात शंभर भरून ठेवली.

आता पारा शून्याच्या खाली गेलाय. परवा त्याच डब्यातली काडतुसं, तीच बॅच, तीच रायफल, आणि ग्रुप तीन इंच!! वर पाचातली दोन भोकं गोल नाहीत, लांबट आहेत, गोळी तिरकी घुसल्यासारखी. बॅरलमधलं तांबं काढलं, स्कोपचे स्क्रू बघितले, सगळं घट्ट. ऐकलंय की थंडीत पावडर मंदावते. मग पावडर अर्धा ग्रेन वाढवून बघू का? केसमध्ये (पितळी पुंगळीत) जागा आहे अजून.

पुंगळीप्रेमी

मला तर केसच्या गळ्याचा संशय येतोय. किती वेळा भरल्यात त्या केस? चार-पाचदा भरल्या की पितळ कडक होतं आणि गळ्याची पकड प्रत्येक केसला वेगळी होते, मग एक गोळी सहज सुटते, दुसरी अडून सुटते. लांबीही मोजा, .22-250 ला 1.912 इंच ही कमाल, त्याच्यावर गेली की गळा चेंबरच्या टोकाला दाबला जातो आणि प्रेशर चढतं. मी दर वेळी 1.902 ला कापतो, कंटाळा येतो पण कापतोच.

रिकामटेकडा

अर्धा ग्रेन?? भाऊ बोटं मोजून ठेवा आधी

जुनीनळी

बावीसवाला, पावडरला हात लावू नका. काडतुसं उन्हाळ्यात वरच्या टोकाला भरलेली दिसतायत, त्यात आणखी घातलंत आणि पुढच्या उन्हाळ्यात उरलेलं एखादं रायफलमध्ये गेलं तर बोल्ट उघडायला हातोडी लागेल, तेही नशीब चांगलं असेल तर.

पुंगळीप्रेमींचं गळ्याचं म्हणणं चूक नाही पण ते या दुखण्याचं औषध नाही. तुमची भोकंच सांगतायत काय झालंय. गळा, सीटिंग (गोळी किती आत बसवलीय), क्राऊन (नळीच्या तोंडाची कड), बेडिंग (नळीची दस्त्यातली बैठक), यातलं काहीही बिघडलं तर ग्रुप फाकतो पण भोकं बहुतेक गोलच राहतात. भोक लांबट झालं म्हणजे गोळी कागदापाशी पोचली तेव्हा डुलत होती. भोवरा मंदावला की कसा डोकं हलवायला लागतो, तसंच. गिरकी कमी पडतेय.

.22-250 मुळात .250 सॅव्हेजची केस .22 वर आवळून घरगुती जुगाड म्हणून जन्माला आलं, लोक ते कित्येक वर्षं स्वतःच बनवायचे, रेमिंग्टनने 1965 मध्ये कारखान्यात घेतलं. ट्विस्ट ठेवला 14 चा, म्हणजे 14 इंचात एक फेरा, कारण तेव्हा सगळे 50-55 ग्रेनच्या आखूड गोळ्याच मारायचे. तुमची बॅरल मूळची असेल तर 14 चीच असणार आणि 60 ग्रेन तिथे काठावर बसतं. उन्हाळ्यात काठाच्या आत होता, थंडीत बाहेर पडलात.

आधी ट्विस्ट मोजा. बॅरलवर कोरलेल्यावर किंवा विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. ज्याची मूठ बेअरिंगवर मोकळी फिरते असा क्लीनिंग रॉड घ्या, घट्ट बसेल असा पॅच (कापडाचा तुकडा), थोडं तेल. रॉडवर मझलच्या (नळीच्या तोंडाच्या) जरा बाहेर टेपची पट्टी चिकटवा, पट्टीची बाजू वर असताना मझलशी एक खूण करा, मग सावकाश ओढा आणि पट्टी पूर्ण फिरून पुन्हा वर आली की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर हाच ट्विस्ट. तीनदा करा, पॅच एखाद वेळी घसरतो आणि 15-16 असलं काहीतरी भलतंच येतं.

बावीसवाला

जुनीनळी काका मोजलं. तीनदा केलं, 14, 14 आणि पावणेचौदा. म्हणजे 14 च. पण एक कळेना, हवा थंड झाली म्हणून गोळीला काय फरक पडतो? गिरकी तर बॅरल देते ना, बॅरल तीच आहे. आणि फक्त 8 ग्रेन जास्त वजन, एवढ्याने एवढं?

आकडेमोड

वजन नाही हो, लांबी! सगळे इथेच फसतात. वजन वाढतं तशी गोळी लांब होते म्हणून वजन दोषी वाटतं. शिसं नसलेली अख्ख्या तांब्याची गोळी घ्या, शिशापेक्षा तांबं हलकं, म्हणून त्याच वजनाला ती लांब होते आणि 14 च्या बॅरलमध्ये 50 ग्रेनचीही आडवी जाऊ शकते. लांबीचं महत्त्व जुनंच आहे, ग्रीनहिलने 1879 मध्ये ट्विस्टचं जे सूत्र दिलं त्यात व्यास आणि लांबी आहे, वजन नाहीच.

तुमच्या गोळ्या कॅलिपरने मोजून लांबी टाका, करून देतो.

बावीसवाला

60 ग्रेनवाली 0.76 इंच. 52 वाली 0.66. वेग 60 चा क्रोनोवर (वेगमापकावर) उन्हाळ्यात सेकंदाला 3500 फूट आला होता, 52 चा 3620.

आकडेमोड

हे घ्या. गोळी स्थिर राहील का ते सांगणाऱ्या मिलरच्या सूत्राने काढलंय, त्यात उत्तर 1 च्या खाली गेलं की गोळी डुलते, 1.4 च्या वर असलं की निवांत झोपा, मधला सगळा प्रदेश हवामानाच्या मर्जीवर.

तुमची 52 ग्रेन: साधारण 1.36. म्हणून तिला थंडीने काही केलं नाही.
तुमची 60 ग्रेन: 15 अंश सेल्सिअसला 1.04. उन्हाळ्यात 35 अंश धरले तर 1.11, आणि उणे 5 ला 0.97.

झालं. हवा थंड झाली की दाट होते, 35 वरून उणे 5 ला गेलात तर हवेचा दाब तोच धरून घनता जवळपास 15 टक्के वाढते. दाट हवा गोळीचं नाक जास्त जोराने उलटवू बघते, गिरकी तेवढीच. म्हणून बॅरल तीच असून बिघडतं. डोंगरावर, विरळ हवेत हीच काडतुसं नीट जातील बघा.

आणि पावडरीचं. थंडीत वेग समजा 100 फूट पडला, तरी सूत्रात वेगाचं घनमूळ येतं, म्हणजे फरक जेमतेम 1 टक्का. अर्धा ग्रेन वाढवून तुम्ही हा 1 टक्का विकत घेणार आणि त्याबदल्यात प्रेशर किती चढवणार! सौदा तोट्याचा आहे.

एक सूचना, प्लास्टिक टिपवाली गोळी असेल तर हे सूत्र जरा जास्तच घाबरवतं कारण टिपेला वजन नाही पण लांबीत ती मोजली जाते. तुमची टिपवाली वाटत नाही.

जुनीनळी

आकडेमोडने मुद्द्याचं सांगितलं. हा थंडीचा घोळ नवा नाही. सुरुवातीच्या एआर-15 रायफलीला पण 14 चाच ट्विस्ट होता, 55 ग्रेनच्या गोळीला. अमेरिकी लष्कराच्या कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत गोळ्या डुलायला लागल्या तेव्हा तो 12 वर आणला. पुढे लांब गोळ्या आल्या, त्यातही ट्रेसर (जळत जाऊन वाट दाखवणारी) फारच लांब, तेव्हा एम16ए2 या लष्करी रायफलीला थेट 7 वर गेले.

अजून एक मजा म्हणजे .244 रेमिंग्टन. 1955 ला .243 विंचेस्टर आणि .244 बरोबरीने बाजारात आले, केस .244 ची मोठी, पण रेमिंग्टनला वाटलं लोक हे छोट्या प्राण्यांवरच वापरणार म्हणून ट्विस्ट 12 चा दिला. विंचेस्टरने 10 चा. लोकांना एकाच रायफलीत हरीणही हवं होतं, 100 ग्रेनची गोळी हवी होती, सगळे .243 कडे पळाले. 1963 ला तेच काडतूस 9 च्या ट्विस्टने 6 मिमी रेमिंग्टन नावाने परत आणलं पण गाडी सुटली होती. दोन इंचांनी एका चांगल्या काडतुसाचा बळी घेतला.

पुंगळीप्रेमी

मग सरळ 8 ची बॅरल बसवून टाकली की प्रश्न मिटला ना? मी तोच विचार करतोय माझ्या .223 साठी.

सशाचामामा

थांबा, उलट्या बाजूची माझी कहाणी ऐका. माझी .223, ट्विस्ट 7 चा. हौसेने पातळ जॅकेटच्या (बाहेरच्या कवचाच्या) 40 ग्रेनच्या वार्मिंट, म्हणजे छोट्या प्राण्यांसाठीच्या, गोळ्या भरल्या, ज्या आदळताच फुटाव्यात म्हणून बनवतात. पाच मारल्या, कागदावर तीन भोकं. मला वाटलं नेम चुकला. पुन्हा पाच, कागदावर दोन!! शेजारी स्पॉटिंग स्कोपमधून बघत बसलेला मित्र म्हणाला, अरे तुझी गोळी वाटेतच धूर होतेय, साठ-सत्तर यार्डांवर करड्या रंगाची एक फुंकर दिसते आणि संपलं. आमची मान खाली.

हिशोब केला तर 3300 फुटाच्या वेगाला 7 च्या ट्विस्टमध्ये मिनिटाला सव्वातीन लाखांच्या वर फेरे होतात. बावीसवाल्यांच्या 14 च्या बॅरलमध्ये 3500 फुटाला फक्त 1 लाख 80 हजार. पातळ जॅकेट तेवढ्या गिरकीला उसवतं, त्यात बॅरल गरम आणि खरखरीत झालेली असेल तर आणखीच लवकर. काही गोळ्यांच्या डब्यावर कमाल वेगाची मर्यादा छापलेली असते, मी वाचलीच नव्हती. आता जाड जॅकेटवाली वापरतो, एकही हवेत जात नाही.

तेव्हा पुंगळीप्रेमी, 8 ची घ्या पण कपाटातल्या जुन्या पातळ गोळ्या आधी 14 किंवा 12 वाल्या कुणालातरी देऊन टाका.

रिकामटेकडा

मला द्या, माझी 14 ची आहे

आकडेमोड

सशाचामामा, एक नंबर. बावीसवाला, उरलेल्या 60 ग्रेनच्या काडतुसांचं काय करणार? फेकू नका. पुलरने (काडतुसातून गोळी ओढून काढायच्या हत्याराने) गोळ्या काढा, पावडर ज्या डब्यातली आहे हे नक्की माहीत असेल तरच त्याच डब्यात परत, जराही शंका असेल तर विल्हेवाट लावा. आणि 52 भरताना तीच पावडर असली तरी लोड 52 च्या पानावरून, सुरुवातीपासून चढत, 60 वाल्याचा आकडा तिथे चालत नाही.

बावीसवाला

सगळ्यांचे आभार. कालच जाऊन आलो, पारा उणे 6. जाड पुठ्ठा लावला (पातळ कागद थंडीत फाटून उगाच लांबट दिसतो हेही कळलं) आणि 200 यार्डांवर दुसरा. 60 ग्रेनच्या पाच मारल्या, 100 ला तीन लांबट, 200 वर पुठ्ठ्यात फक्त तीनच सापडल्या, त्यातली एक अक्षरशः आडवी, गोळीचा पूर्ण बाजूचा आकार उमटलाय, नाक-शेपूट सगळं. त्यानंतर लगेच 52 च्या पाच, एक इंचाला जरा कमी, सगळी भोकं गोल.

पुठ्ठा कापून लोडिंगच्या टेबलावर भिंतीला लावलाय. उरलेली 62 काडतुसं आहेत, पुलर हातोडीवाला आहे, शेजारी झोपायच्या आत संपवायला हवं.

पुंगळीप्रेमी

कोलेटवाला (गोळी पकडून ओढणारा) पुलर घ्या राव, हातोडीने 62 म्हणजे खांदा जाईल. आणि केसची लांबी मोजलीत का शेवटी?

बावीसवाला

मोजली. चार 1.914 निघाल्या. ते बरोबर होतं तुमचं.