रॅम्पला काय म्हणायचं? उतरंड, उतरण, धाव, चढाव...

माडाखाली
मंडळी, एक पाटी रंगवायची आहे आणि शब्द अडलाय. गुहागरकडच्या आमच्या गावात वाचनालयाला यंदा मे महिन्यात बाजूने सिमेंटचा रॅम्प केला. निमित्त घरचंच. अर्धांगवायूनंतर आई चाकाच्या खुर्चीत आहे, आणि वाचनालयाचं जोतं अडीच फूट, चार पायऱ्या. आता पेंटर विचारतोय काय लिहू, तर कार्यकारिणीत माणसं चार आणि शब्द पाच. अध्यक्षांना 'अपंगांसाठी उतरंड' हवंय. तालुक्याच्या एका कार्यालयावर तसंच लिहिलंय म्हणतात. (लिहिलंय. जाऊन बघून आले.) मला ते कानाला खटकतं. तुमचं काय म्हणणं?

चिऱ्यातला
खटकायलाच हवं! उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, तळाला मोठं आणि वर लहान लहान होत गेलेली. आमच्या आजीच्या माजघरात होती, सगळ्यात वरच्या गाडग्यात सुटे पैसे. 'जातींची उतरंड' म्हणतात ती ह्याच अर्थाने. तुमच्या अध्यक्षांना 'उतरण' म्हणायचं असणार. पण उतरण म्हटलं तरी चढायचं काय, हा प्रश्न उरतोच. कोकणात माणूस ज्या बाजूला उभा असेल त्यावर चढण की उतरण ते ठरतं.

घाटमाथा
आमच्याकडे ह्याला तयार शब्द आहे: धाव. मोटेच्या विहिरीपाशी बैल ज्या उतरत्या वाटेवरून मोट ओढत जायचे ती धाव. मुद्दाम बांधून काढलेला, ठरावीक उताराचा रस्ता, म्हणजे नेमका रॅम्प. मोटा गेल्या, शब्द रिकामा पडलाय. घ्या वापरायला.

खाडीपल्याड
घाटमाथा, शब्द झकास आहे, पण आमच्याकडे मोट कुठली? आगरात रहाट नाहीतर लाट. गुहागरच्या माणसाने 'धाव' वाचलं तर तो पळायला लागेल. मी दाभोळचा. धोपाव्याला जाणारी फेरीबोट लागते तिथल्या उताराला रिक्षावाल्यापासून मासेवालीपर्यंत सगळे रॅम्पच म्हणतात. ओहोटीला तो लांब होतो, भरतीला आखूड, पण नाव एकच. रॅम्प मराठी झालाय हो, टेबलासारखा.

देवबाग
माका विचारशात तर 'चढाव' म्हणा. सायकल घेवन जाणाऱ्याक पण कळता.

चिऱ्यातला
चढाव चांगला आहे. पण एक विचारतो, उतार किती ठेवलात? मी चिरेबंदी बांधकामं करतो म्हणून विचारतोय. नियम एकास बारा. एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमचं जोतं अडीच फूट, म्हणजे तीस फूट लांबी हवी, शिवाय वर खुर्ची वळवायला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. तीस फूट म्हणजे कित्येकांचं अख्खं खळं. म्हणून गवंडी करतो काय, दहा फुटांत उरकतो. एकास चार! मी एकाला टोकलं तर म्हणाला, "मोटरसायकल चढते ना? मग खुर्ची चढेल." त्याने रॅम्प मोटरसायकलसाठीच केला होता, आणि आज तिथे मोटरसायकलच उभी असते. उरलेला वेळ पोरं घसरतात. अशाला रॅम्प नाही, उतरण नाही, घसरगुंडी म्हणावं.

आणि वरून कडप्पा किंवा गुळगुळीत लादी लावू नका. जूनमध्ये शेवाळ धरलं की धडधाकट माणूस आडवा होतो. खरखरीत कोबा ठेवा, आडव्या रेघा ओढलेला.

माडाखाली
लांबी एकोणतीस फूट आहे, मोजून घेतली. कठडा एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचे पैसे संपले.

शब्दवेडी
रॅम्पचं चालू द्या, पण खरा घोळ 'सुगम्य'चा आहे. इमारती, वाहनं अपंगांनाही वापरता यावीत म्हणून केंद्राचं सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालं आणि हा शब्द आपल्या पाट्यांवर आला. मराठीत 'सुगम' होताच, सुगम संगीतातला. त्यामुळे सुगम म्हटलं की लोकांना 'समजायला सोपं' वाटतं, 'जायला सोपं' हा मूळ अर्थ मागे पडला. 'सुलभ'ची तर वाटच लागली. सुलभ म्हणजे सहज मिळणारं, लभ् धातूवरून. पण पाटीवर 'सुलभ प्रवेश' लिहा, येणारा-जाणारा शौचालय शोधत आत येईल. 'प्रवेशयोग्य' लिहिलंत तर आणखी पंचाईत: प्रवेश घ्यायला योग्य कोण? जागा की माणूस?

माझं मत सुगमच्या बाजूने, कारण त्याचा उलटा शब्द आपल्या अंगणात उभा आहे. दुर्गम. आणि त्याचाच भाऊ दुर्ग: जिथे जाणं कठीण ते. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. सिंधुदुर्गाचा दरवाजा तर बुरुजांच्या वळणात असा लपवलाय की होडीतून समोर येईपर्यंत दिसत नाही. शत्रूला वाट सापडू नये म्हणून मुद्दाम केलेलं ते काम. आपल्या बॅंका आणि टपाल कचेऱ्या तसा काही हेतू नसताना दुर्ग होऊन बसल्यात.

कुबडीवाला
ह्या धाग्यावर मी एकटाच 'लाभार्थी' दिसतो. लहानपणापासून पोलिओ, दोन कुबड्या. शाळेत पोरं लंगड्या म्हणायची, दाखल्यावर अपंग होतो, मध्ये कुणी विकलांग केलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान 'मन की बात'मध्ये दिव्यांग म्हणाले तेव्हापासून दिव्यांग आहे. कायदाही बदलला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, ते चांगलंच. पण माझं खातं असलेल्या शाखेच्या सात पायऱ्या ह्या सगळ्या नावांत सातच राहिल्या. मी खाली थांबतो, शिपाई वरून फॉर्म आणतो, रस्त्यात स्कूटरच्या सीटवर सही करतो. माझी शिल्लक किती ते पानवाल्याला तोंडपाठ आहे.

तेव्हा 'अपंगांसाठी' का 'दिव्यांगांसाठी' ह्यावर भांडू नका. दोन्ही पुसा. रॅम्पवरून पुस्तकांची खोकी जाणार, बाळाची गाडी जाणार, गुडघे गेलेले तुमचे अध्यक्षही जाणार. 'साठी' कशाला?

शब्दवेडी
'साठी' काढा, एकदम पटलं. आणखी एक छोटा शब्द राहतोय: 'असावा'. नियमावल्यांचं मराठी करताना आपण सगळीकडे 'असावा' लिहितो. कठडा असावा, दार ९०० मिलिमीटर रुंद असावं, उंबरठा १२ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा. 'असावा' म्हणजे असला तर बरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नेमकं ह्याच मुद्द्यावर बोट ठेवलं: नियमांत सक्तीच्या बाबी आणि शिफारशी अशी मिसळ चालणार नाही, सक्तीचं काय ते वेगळं सांगा. मराठीत त्याला 'असलाच पाहिजे' लागतं. आपल्याला तो 'च' लिहायला जड जातो.

घाटमाथा
उंबरठा १२ मिलिमीटर? आमच्या वाड्याचा वीतभर आहे.

देवबाग
आमचो पण. पावसाचा पाणी नि जनावर भुतुर येव नये म्हणान. (जनावर म्हणजे साप हां, ढोर न्हय.)

शब्दवेडी
आणि गावं आपण मोजतोही उंबऱ्यांनीच, 'चाळीस उंबऱ्यांची वाडी'. संस्कृतात उदुंबर म्हणजे झाडही आणि उंबरठाही. पण हे अवांतर झालं, पाटीकडे वळू.

माडाखाली
वळते. पाटीवर 'चढाव' ठरला, अध्यक्षांच्या मताविरुद्ध, तीनास एक. 'साठी' नाही. शेजारी खुर्चीचं चित्र काढायचंय. ते चित्र १९६८ मध्ये सुसान कोफोड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीने काढलं, आणि मूळ चित्रात माणसाला डोकंच नव्हतं, ते मागाहून बसवलं, हे पेंटरला सांगितलं. तो म्हणाला, "डोक्याचे वेगळे पैसे नाय घेत."

पण शब्दवेडींचं 'सुगम' वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती कबूल करते. वाचनालय रस्त्यावर नाही. रस्त्यापासून खाली पाखाडी आहे, जांभ्याची, बावीस पायऱ्यांची. रॅम्प झाला त्या दिवशी आईला दोन पुतण्यांनी खुर्चीसकट उचलून पाखाडी उतरवली, मग ती खुर्ची ढकलत रॅम्पवरून वर नेली, फोटो काढले, आणि परत उचलून रस्त्यावर आणली. आई घरी येऊन एवढंच म्हणाली, "पायऱ्या चारच होत्या ना गो त्या?"

चिऱ्यातला
पाखाडीला रॅम्प होणार नाही. बावीस पायऱ्या म्हणजे पंधराएक फूट, उतार करायला पावणेदोनशे-दोनशे फूट लागतील. दुसरीकडून वाट नाही का?

माडाखाली
आहे. मागे शाळेचं मैदान लागून आहे, तिथवर रिक्षा येते. मधे गडगा (दगडी कुंपण) आहे, त्याला पूर्वी बेडं (फाटक) होतं, ते चिरे लावून बुजवलंय. पावसात तिथे चिखल होतो, पण उन्हाळ्यात वाट सपाट.

कुबडीवाला
मग गडग्याचे चार चिरे काढा. आणि पाटी मैदानाच्या बाजूने लावा. फक्त तिथे 'मागील दार' लिहू नका, आयुष्यभर मागल्या दारानेच आत गेलोय.

माडाखाली
'मैदानाकडचं दार' लिहिते. आणि पाखाडीच्या तोंडाशी रस्त्यावर दुसरी पाटी: 'पुढे २२ पायऱ्या. सपाट वाट शाळेच्या मैदानातून.' पेंटर अक्षरावर पैसे घेतो, तेव्हा ह्यातला एखादा शब्द कमी करता येत असेल तर गुरुवारच्या आत कळवा.

खाडीपल्याड
'पुढे' काढा. पायऱ्या मागे कशा असतील?