मुळात परवानाच पोपचा होता

इंग्लंडविरुद्धच्या झगड्यात पोप कायम आयरिश लोकांच्या पाठीशी होते, असा एक दावा आहे. मला ते पटत नाही. एड्रियन चौथा हा आजवरचा एकमेव इंग्रज पोप. त्यानेच ११५५ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याला पत्र लिहून आयर्लंड ताब्यात घ्यायची मुभा दिली, सोबत पाचूची अंगठीही पाठवली. ती अंगठी घेऊन आलेला इंग्रज धर्मगुरू आणि लेखक जॉन ऑफ सॉल्सबरी, त्यानेच हे लिहून ठेवलंय. (पत्राच्या आज मिळणाऱ्या मजकुरावर वाद आहेत. त्यात दर घरामागे वर्षाला एक पेनी रोमला द्यायची अट आहे.) ११७१ मध्ये हेन्री फौज घेऊन आयर्लंडमध्ये उतरला.

मला खरी हलवते ती १३१७ ची तक्रार. डोनल ओ'नील या आयरिश राजाने पोप जॉन बाविसाव्याकडे दाद मागितली आणि एड्रियनच्या त्याच पत्राची नक्कल जोडली: हेन्रीने आणि त्याच्या वारसांनी यातल्या अटीही पाळल्या नाहीत! ज्याने घर दुसऱ्याच्या हवाली केलं, त्याच्याच दारात उभं राहायचं, केवढी लाचारी ही. पोपने इंग्लंडचा तेव्हाचा राजा दुसरा एडवर्ड याला समज दिली. राज्य मात्र त्याच्याकडेच राहू दिलं.

रोम विरुद्ध लंडन हे चित्र आठव्या हेन्रीने रोमशी फारकत घेतल्यानंतरचं. तेही सरळ नाही: १५५५ मध्ये पोप पॉल चौथ्याने इंग्लंडची कॅथलिक राणी मेरी आणि तिचा नवरा फिलिप यांचं आयर्लंडचं राजेपद मान्य केलंच.