फर्निव्हल क्लबला 'बायकांचा पहिला रोइंग क्लब' म्हणता येईल का?

मुळाकाठ: बायकांच्या रोइंगच्या इतिहासावर एक फलक करायचाय. लंडनच्या हॅमरस्मिथमधला फर्निव्हल स्कलिंग क्लब (१८९६) 'जगातला पहिला' असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. तसंच लिहू का? आणि १९२७ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज मुलींच्या शर्यतीत दोन्ही बोटी एकत्र सुटल्याच नाहीत म्हणे. मग निकाल लावला कसा?

वल्हेकरी: 'पहिला' लिहू नका. अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा झेड-एल-ए-सी हा बायकांचा रोइंग क्लब १८९२ चा, केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजचा बोट क्लब १८९३ चा.

फर्निव्हलचं महत्त्व वेगळं आहे. न्यूनहॅममध्ये कॉलेजातल्या विद्यार्थिनी होत्या, इथे चहाच्या दुकानांत काम करणाऱ्या मुली. क्लब काढणारा फ्रेडरिक फर्निव्हल हा इंग्रजी भाषेचा अभ्यासक, ऑक्सफर्ड कोशाच्या सुरुवातीच्या संपादकांपैकी एक. त्या काळी अमॅच्युअर रोइंग असोसिएशन अंगमेहनत करणाऱ्यांना 'हौशी' मानतच नसे आणि फर्निव्हलचा त्याला कडाडून विरोध होता. १९०१ पासून क्लबात पुरुषही आले, पण कप्तान बाईच असावी हा नियम दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत टिकला. फलकावर हेच घ्या, 'पहिला'पेक्षा कितीतरी बोलकं आहे.

सुकाणू: १९२७ ची शर्यत ऑक्सफर्डला आयसिस नदीवर (म्हणजे तिथल्या टेम्सवर) झाली. प्रवाहाबरोबर जाताना शैली पाहायची आणि प्रवाहाविरुद्ध अर्ध्या मैलाची वेळ घ्यायची, असं ठरलं होतं. शैलीवरून निकाल लागेना, म्हणून वेळ धरली आणि ऑक्सफर्ड जिंकलं. बायकांनी जोर लावून स्पर्धा करणं तेव्हा अशोभनीय समजत. शैलीला गुण देणं ही त्यातून काढलेली पळवाट, असं माझं मत. बोटी शेजारी-शेजारी पळाल्या १९३५ साली. पुरुषांच्या शर्यतीच्याच दिवशी, लंडनमधल्या त्याच पटनी ते मॉर्टलेक मार्गावर (टेम्स नदीवर, सुमारे ६.८ किमी) महिलांची शर्यत यायला २०१५ उजाडलं. त्याआधी ती हेन्लीला २००० मीटरची असे.

वल्हेकरी: आकडे देणार असाल तर अंतर पाहून द्या. ऑलिंपिकमध्ये महिलांचं रोइंग १९७६ ला माँट्रियलला आलं, पण १००० मीटरचं. २००० मीटर १९८८ पासून. १९८४ आणि १९८८ च्या वेळा शेजारी मांडल्या तर बायका चार वर्षांत निम्म्याने मंदावल्या असं दिसेल!

मुळाकाठ: आभार. एका जुन्या फोटोत आठ जणी आहेत. ते स्कलिंग की स्वीप, कसं ओळखू?

सुकाणू: वल्ही मोजा. प्रत्येकीकडे दोन असतील तर स्कलिंग. दोन्ही हातांत मिळून एकच वल्हं असेल, एकीचं डावीकडे, दुसरीचं उजवीकडे, तर स्वीप. आसनाखाली रूळ दिसतात का तेही बघा. लांब घोळदार स्कर्ट घालून सरकत्या आसनावर बसलं की कापड चाकांत अडकतं, त्यामुळे पेहराव आणि आसन एकमेकांशी ताडून पाहायला हवं. नुसत्या पेहरावावरून साल ठरवू नका, फोटो काढायला म्हणून वेगळे कपडे घातलेले असू शकतात.