मदत हवी आहे: मुलीच्या दाढा झिजताहेत, कॅप घालायच्या का?

ओवी_१२: लवकर सांगा प्लीज, शनिवारची वेळ घेतलीय. मुलीच्या दाढा पिवळ्या पडून झिजल्यात, गार पाणी लागलं की रडते. डॉक्टर म्हणतात स्टीलच्या कॅप घाला. सासूबाई म्हणतात, आमच्याकडे सगळ्यांचे असेच, उगाच खर्च नको. खानदानी असेल तर उपयोग होतो का?

खडीसाखर: वय काय? दात दुधाचे की कायमचे?

बापूसाहेब: चॉकलेट बंद करा. आनुवंशिक वगैरे आईबापांची निमित्तं.

तीळगूळ: तिळाच्या तेलाच्या गुळण्या! आमच्या आजोबांचे दात शेवटपर्यंत शाबूत.

खडीसाखर: एनॅमल म्हणजे दातावरचं कडक आवरण, ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईस्तोवर संपलेल्या असतात. तेलाने ते परत कुठून येणार?

तीळगूळ: तुम्हाला फक्त पेस्टवाल्यांचंच पटतं.

वऱ्हाडी: पाणी बोअरचं का? आमच्या यवतमाळकडं फ्लोराइडनं पोरांच्या दातांवर डाग पडतात.

ओवी_१२: नळाचं. वय ७. दुधाचे दातही असेच आले होते. कीड नाही, एनॅमलच पातळ आहे म्हणाले. नवऱ्याच्या सगळ्या दातांना कॅप, सासूबाईंना चाळिशीतच कवळी. धाकट्या मुलाचे दुधाचे दात मात्र स्वच्छ पांढरे.

खडीसाखर: हे आधी सांगायचं ना! फ्लोराइडने दुधाचे दात सहसा एवढे बिघडत नाहीत. मुलीच्या पुढच्या दातांवर नख फिरवून बघा, उभे चर लागतात का?

ओवी_१२: हो, लागतात. का?

खडीसाखर: 'अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा' असू शकतं, म्हणजे एनॅमल मुळातच नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष. एनॅमलच्या एका प्रथिनाचा जनुक, एएमईएलएक्स, एक्स गुणसूत्रावर असतो. बापाकडून तो प्रत्येक मुलीला जातो, मुलाला जात नाही. मुलींमध्ये एक्स दोन, म्हणून जनुकाच्या प्रतीही दोन; काही पेशी चांगली प्रत वापरतात, काही बिघडलेली, म्हणून ते उभे चर. इतर जनुकांमुळेही होतं, तेव्हा डॉक्टरांना घरातली सगळी माहिती द्या. कॅप मात्र टाळू नका, कायमच्या दाढा आत्ताच येताहेत, दाढ खुजी झाल्यावर काम अवघड जातं.

बापूसाहेब: तरी चॉकलेट बंदच करा.

खडीसाखर: ते ठीक. पातळ एनॅमलवर कीडही लवकर धरते. फ्लोराइडची पेस्ट सोडू नका.

वऱ्हाडी: फ्लोराइड? आत्ता तर डाग पडतात म्हटलं मी!

खडीसाखर: तुमच्याकडचं पोटात जातं हो. पेस्ट थुंकायची असते.

नाना_७१: कवळीचा विषय निघालाच आहे तर, खालची सैल झाली की काय करतात?

ओवी_१२: नाना, वेगळा धागा काढा ना. @खडीसाखर, भूल देऊन एकदम सगळ्या करायच्या की दोन-दोन?