खोलीत मिक्स बरोबर वाटतो, गाडीत पखवाज घुमतो, फोनवर गायब होतो. काय करू?

सेकंडशिफ्ट (इंदिरानगर)

नमस्कार मंडळी. नोकरी अंबड एमआयडीसीत, बहुतेक दुसरी पाळी. रात्री घरी येऊन जेवण झालं की मग माझा स्टुडिओ सुरू. स्टुडिओ म्हणजे मागची बेडरूम: ११ बाय १०, उंची साडेनऊ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, दाराजवळ लोखंडी कपाट. यामाहाचे एचएस-५ मॉनिटर स्पीकर (पाच इंची), माइक कॉम्प्युटरला जोडणारा छोटा इंटरफेस, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एक कंडेन्सर आणि दोन डायनॅमिक माइक. टेबल खोलीच्या मधोमध आहे, कारण मागे कपाटाचं दार उघडायला जागा लागते आणि पुढे खिडकीशी बायकोची शिलाई मशीन आहे.

आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाचे अभंग करतोय. बुवांचा आवाज, पेटी, पखवाज, टाळ. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघायच्या आत यूट्यूबवर चढवायचे असं मंडळाचं ठरलंय, आणि मंडळात सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यामुळे रोज विचारणा होते.

अडचण अशी. खोलीत मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून केलेलं गाणं, छान वाटतो. गाडीत लावला की पखवाजाचा धुम (डाव्या तोंडाचा खोल आवाज) एवढा घुमतो की डॅशबोर्ड थरथरतो आणि बुवांचे शब्द बुडतात. तोच मिक्स फोनवर लावला की पखवाज जवळजवळ नाहीच, नुसते टाळ कानात टोचतात. पखवाजावर सध्या असा ईक्यू (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणं) आहे: ५५ हर्ट्झला ४ डीबी वाढवलंय, कारण खोलीत धुम पोकळ वाटत होता. ११० आणि २२० ला बऱ्यापैकी कापलंय, कारण तिथे गुदगुद फार होती. भिंतींना एक इंची फोम लावलाय. त्याने टाळी वाजवल्यावरचा झणझणाट गेला, पण पखवाजात काडीचा फरक नाही.

नवीन प्लगइन घ्यावं की मोठे मॉनिटर? बजेट फार नाही.

बेसबाज

भाऊ, पाच इंची स्पीकरमध्ये ५५ हर्ट्झ शोधतोयस? सबवूफर घे, सेकंडहँड मिळेल. आणि मास्टरवर, म्हणजे शेवटच्या एकत्र ट्रॅकवर, चांगला लिमिटर टाक, सगळीकडे सारखं वाजेल.

फेडरवाला (नाशिकरोड)

सेकंडशिफ्ट, पाकीट खिशातच ठेव आणि तू स्वतः लिहिलेले तीन आकडे परत वाच. ५५ वाढवलं, ११० कापलं, २२० कापलं. आता तुझ्या खोलीचं गणित करू.

आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट अडकून घुमते, तिचा पहिला सूर काढायचा तर ११३० ला अंतराच्या दुपटीने भागायचं. ११ फुटांची लांबी: ५१ हर्ट्झ. १० फुटांची रुंदी: ५६. साडेनऊ फूट उंची: ५९. तिन्ही मापं एकमेकांच्या इतकी जवळ की तिन्ही सूर एकाच जागी गोळा झालेत. आपल्याकडच्या फ्लॅटमधली ही चौकोनी बेडरूम झोपायला उत्तम, ऐकायला वैताग.

या पहिल्या सुराचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि बरोब्बर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तू बसतोस लांबीच्या मध्यावर, रुंदीच्या मध्यावर, आणि खुर्चीत बसल्यावर कान जमिनीपासून चारेक फुटांवर, म्हणजे उंचीच्याही मध्याजवळ. तिन्ही खड्डे तुझ्या डोक्यापाशी. म्हणून ५० ते ६० तुला ऐकूच येत नाही आणि तू ते वाढवतोस. त्याच लाटांचा दुसरा सूर, म्हणजे दुप्पट, १०० ते १२० च्या पट्ट्यात येतो आणि त्याचा दाब मध्यावर सगळ्यात जास्त. चौथा २०५ ते २४० मध्ये, त्याचंही तेच. म्हणून तिथे तुला गुदगुद वाटते आणि तू कापतोस. तुझा पखवाजाचा ईक्यू म्हणजे तुझ्या खुर्चीचा नकाशा आहे. गाडीत ती खुर्ची नाही, म्हणून तिथे वाढवलेलं ५५ अंगावर येतं. फोनला मुळात दोनशेच्या खाली फारसं जमत नाही. पखवाजाचं अंग त्याला दाखवता आलं असतं ते दोनशेच्या वरच्या भागात, आणि तिथेच तुझी कात्री चालली. एकाच कारणाची ही दोन टोकं आहेत.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः ऐक. रीपरमध्ये टोन जनरेटर आहे. ५६ चा साधा सूर हळू आवाजात सोड आणि खुर्चीत बस. मग उठून दाराच्या कोपऱ्यात जा, कान भिंतीजवळ ने. पुढे ११२ लावून हेच कर. आवाज वाढवू नकोस, एवढ्या खालच्या सुराला पाच इंची कोन फार हलतो. जमलं तर ४० पासून १२० पर्यंत पाच-पाचच्या पायरीने चढत जा. मधेच कुठेतरी तुझं लोखंडी कपाट गायला लागेल. ते कुठल्या आकड्याला वाजतं ते लिहून ठेव आणि त्याच्या दारात कागदाची घडी कोंब.

बेसबाज, पाच इंचीत ५५ पूर्ण येत नाही हे तुझं बरोबर. यामाहाच या मॉडेलला ७४ हर्ट्झला ३ डीबी आणि ५४ ला १० डीबी घसरण सांगते. पण सब आणून हा गडी त्याच खुर्चीत बसला, तर खड्डा तिथेच राहणार. मग हा सबचा आवाज आणखी वाढवेल, आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतील. लिमिटरचं म्हणशील तर तो कमी-जास्त पट्टे सारखे करत नाही, फक्त शेंडे दाबतो. यूट्यूब आणि स्पॉटिफाय जोरातलं गाणं स्वतःच साधारण उणे १४ लफ्सपर्यंत (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) खाली ओढतात. भजन चेपून जोरात करण्यात हशील नाही.

आता करायचं काय. टेबल खिडकीच्या भिंतीकडे सरकव. तुझं डोकं त्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर यायला हवं, लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर. हा काही शास्त्राचा अखेरचा शब्द नाही, सुरुवातीची जागा आहे. तिथून इंच-इंच मागेपुढे होऊन बघ. शिलाई मशीनचं काय करायचं ते घरात बसून ठरव, त्यात मी पडत नाही. रुंदीच्या बाबतीत इलाज नाही. डावी-उजवी बाजू सारखी ऐकू यायला हवी तर मध्यातच बसावं लागतं, तो एक खड्डा थोडाफार राहणारच. साठच्या खालचा निर्णय हेडफोनवर घे, तिथे खोली मधे येत नाही.

स्पीकर भिंतीपासून अडीच फुटांवर असले तर मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज ११३ च्या आसपास मूळ आवाजाला खातो. स्पीकरचं तोंड फुटावर आणलंस तर हीच मारामारी २८० च्या आसपास जाते, आणि ती चार इंची पॅनलने आवरता येते. पाठीला बासचं भोक आहे, तेव्हा मागे तीन-चार बोटं जागा सोड. भिंतीजवळ आणल्यावर खालचा भाग फुगतो, त्यासाठी मागे रूम कंट्रोलचं बटण दिलेलंच आहे. ते उणे २ वर टाक.

फोमचं सांगतो. एक इंची फोम वरचा झणझणाट पितो, खालच्या लाटेला तो दिसतही नाही. ५६ हर्ट्झची लाट वीस फूट लांब असते. अंड्याचे ट्रे कोणी सुचवले तर त्यात अंडीच ठेव. रॉकवूलच्या दोन इंची पाट्या कारखान्यात बॉयलर आणि पाइपांवर गुंडाळायला वापरतात. तू एमआयडीसीत आहेस, इन्सुलेशनचं काम करणाऱ्या ठेकेदाराला विचार. दोन पाट्या जोडून चार इंच कर, लाकडी चौकट कर, मेन रोडवरून सुती कापड आणून चारही बाजूंनी नीट शिव (मशीन आहेच घरात) आणि भिंतीपासून चार इंच सोडून लाव. हातमोजे आणि तोंडाला मास्क, नाहीतर दोन दिवस खाजवत बसशील. तोपर्यंत घरातल्या कापसाच्या गाद्या पाठीमागच्या कोपऱ्यांत उभ्या कर. दिसतात वाईट, काम बरं करतात.

शेवटचं, रात्रीचं. तू झोपलेल्या घरात हळू आवाजात मिक्स करतोस. आवाज हळू असला की कानाला खालचे सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. म्हणजे खुर्चीने खाल्लेलं ५५ रात्रीने आणखी खाल्लं. रात्री एडिटिंग कर, श्वास काप, बुवांचं खोकणं काढ. पखवाज आणि आवाजाचा तोल सुटीच्या दुपारी ठरव, फोनवरच्या मीटर ॲपमध्ये ७० ते ७५ डीबी दिसेल एवढ्यावर. आणि रोज तीच पातळी ठेव, नॉबवर पेन्सिलीची खूण कर.

आयुष्य मांडवात आणि कालिदास कलामंदिरात मिक्सरचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या) ढकलण्यात गेलं. तिथेही नवा पोरगा आधी ईक्यूला हात घालतो आणि स्पीकर कुठे उभा आहे ते शेवटी बघतो. ढोल पथकाचं मिक्स याच खोलीत करायचा विचार असेल तर मात्र आत्ताच हात जोडतो.

मृदंगी

काकांनी खोलीचं सांगितलं, मी पखवाजाचं सांगतो. धुमावरची कणीक वाजवता वाजवता सुकते आणि डाव्या बाजूचा सूर वर सरकतो. पहिल्या अभंगाचा धुम आणि तासाभराने घेतलेल्याचा धुम वेगळा असतो, मग एकाच ईक्यूने सगळे अभंग कसे बसणार? दर अभंगाआधी पखवाजियाला ओलं बोट फिरवायला सांगा.

दुसरं, दोन माइक दोन्ही तोंडांवर लावलेत ना? धुमावर थाप पडली की डावं कातडं माइकपासून आत जातं आणि आतल्या हवेच्या रेट्याने उजवं बाहेर, म्हणजे दुसऱ्या माइककडे येतं. दोन्ही ट्रॅक खालच्या सुरात एकमेकांच्या उलट पडतात. एका ट्रॅकचं फेज (लाटेची दिशा) उलटं करायचं बटण दाबून मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐका. ज्या बाजूला धुम भरतो ती ठेवा. बऱ्याच फोनवर आणि ब्लूटूथ डबड्यांवर मोनो किंवा जवळजवळ मोनोच वाजतं.

टाळांसाठी प्लगइन शोधू नका. टाळकऱ्यांना बुवांच्या माइकपासून लांब, माइकच्या पाठीकडे बसवा.

सेकंडशिफ्ट (इंदिरानगर)

काका, मृदंगी, मनापासून आभार. ५६ चा सूर लावून खुर्चीत बसलो तर वाटलं स्पीकर बंद पडलाय. उठून दारापाशी गेलो तर तोच सूर छातीत. बायकोला उभं केलं, ती म्हणाली इथे तर फ्रीज चालू असल्यासारखं वाजतंय. कपाट ८५ ला गातं.

टेबल हलवलं. मशीन हॉलमध्ये गेली, त्याबद्दल वेगळी किंमत मोजतोय. पखवाजावरचा सगळा ईक्यू काढून शून्यावरून सुरुवात केली. आता ५५ ला काहीच वाढवावं लागत नाही, उलट जोरात हात पडला तर थोडं कमी करतो. २२० ला हात लावलेला नाही आणि फोनवर पखवाज कळतो. फेजचं बटण उजव्या माइकवर दाबल्यावर मोनोत धुम एकदम पुढे आला.

एक शंका राहिली. गाडीत बुवांचे शब्द आता कळतात, पण पेटी आणि आवाज एकमेकांत घुसतात. दोघांनाही एकाच पातळीवर ठेवलं की एक जण गायब होतो.

फेडरवाला (नाशिकरोड)

पेटी कुठल्या माइकवर आणि किती लांबून घेतली? भात्याच्या बाजूने घेतली असशील तर हवेचा फुसफुसाट आणि मधली घरघर जास्त येते. सुरांच्या पट्ट्यांकडून, दोन फुटांवरून, थोडी वरून घेऊन बघ. पुन्हा रेकॉर्ड करणं शक्य नसेल तर पेटीला कायमची खाली ओढून ठेवू नकोस. बुवा गातात तेव्हा पेटी हाताने दीड-दोन डीबी खाली घे आणि दोन ओळींच्या मधे परत वर आण. ऑटोमेशनची (आवाजाच्या चढउताराची) रेघ कंटाळवाणी आहे, अभंगाला अर्धा तास जातो, पण पेटीवाला चांगला असेल तर तो बसल्या जागी हेच करत असतो. हे करून एक अभंग इथे टाक. मी नाशिकरोडला रेल्वेलाइनजवळ राहतो, गाड्यांच्या मधल्या वेळात ऐकून सांगतो.