ख्रिस्ती श्रद्धा का स्वीकारली? आपापले अनुभव सांगूया

धर्मांतराच्या राजकारणावर भांडायला इतर जागा पुष्कळ आहेत. इथे फक्त स्वतःचं सांगायचं: ख्रिस्तावर विश्वास ठेवावासा का वाटला? जन्माने ख्रिस्ती असाल आणि मोठेपणी ती श्रद्धा नव्याने आपली केली असेल, तर तेही लिहा. सुरुवात मी करते.

भाऊ गेला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण देवाची वकिली करत होता. त्या दिवसांत कुणीतरी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचायला दिलं. ईयोब म्हणजे मुलंबाळं, संपत्ती, सगळं गमावलेला भला माणूस. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात, तोवर ठीक असतं. तोंड उघडतात आणि सगळं बिघडतं. शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही! पुढे शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, वाचलं की वधस्तंभावर येशूही विचारतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बायबलमधल्या २२व्या स्तोत्राची पहिली ओळ. ज्याच्याशी भांडता येईल असाच देव मला हवा होता. बाप्तिस्मा बराच नंतर झाला.

*

मी वकील, त्यामुळे आधी साक्षीदार बघतो. येशू मेलेल्यांतून उठल्यावर त्याची रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती स्त्रियांनी, असं चारही शुभवर्तमानं सांगतात. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच असती तर असे साक्षीदार कोण उभे करेल? येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की पुनरुत्थित येशूला एकाच वेळी पाचशेहून अधिक जणांनी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. याने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. माझा नकार मात्र डळमळला. पुढचं युक्तिवादाने झालं नाही, प्रार्थनेने झालं, आणि ते कसं हे मला नीट मांडता येत नाही.

*

लग्नासाठी. खोटं कशाला बोलू? बाप्तिस्मा घेतला तेव्हा विश्वास नव्हता. उपासनेला बसून बसून तो आला. आधी कारण आणि मग श्रद्धा, असाच क्रम हवा असं कुठे आहे?

*

वरच्या ताईंशी सहमत. माझं कारण दारू. बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राची येशूने सांगितलेली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात एक बारकावा आहे. मुलगा वाटेत भाषण पाठ करतो, त्यात ‘मला एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा’ असं वाक्य असतं. प्रत्यक्षात ते वाक्य येण्याआधीच बाप नोकरांना झगा आणायला सांगतो. मी असली भाषणं खूप पाठ केली होती. पहिल्यांदा पापनिवेदनाला गेलो तेव्हा धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतलं, वर उपदेश केला नाही. गोष्टीतला थोरला भाऊ या स्वागतावर रागावून बाहेरच थांबतो; तो शेवटी घरात येतो की नाही, हे येशू सांगत नाही. आमच्याकडे त्याच्या जागी माझी बहीण आहे. तिने मला माफ केलेलं नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

*

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. विहिरीवरच्या शमरोनी (यहुदी ज्यांना कमी लेखत त्या समाजातल्या) स्त्रीच्या कथेचा त्यांच्यावर परिणाम झाला होता, म्हणून मी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला. येशू त्या बाईकडे आधी पाणी मागतो. उपकार करायला आलेली माणसं कधी काही मागत नाहीत. मी संस्थेत वाढले आहे, मला हा फरक लगेच कळतो. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई सिद्धांतांवरून अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) भगिनींशी, म्हणजे संन्यासिनींशी, वाद घालत राहिल्या, याचा मला फार आधार वाटतो. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे माझ्या डोक्यात अजून शिरलेलं नाही.

*

जन्माने ख्रिस्ती. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करण्याचा विधी, झालं, कारण बरोबरीच्या सगळ्यांचं होत होतं. मधली वर्षं चर्चची पायरी चढलो नाही. परतलो ते तुरुंगभेटीला जाणाऱ्या गटामुळे. ‘मी तुरुंगात होतो तेव्हा तुम्ही मला भेटायला आलात’ हे मत्तयातलं वचन लहानपणापासून पाठ होतं. ते अक्षरशः करणारे लोक पहिल्यांदाच पाहिले.

*

मी अजून काठावर आहे. आईला दुखवायचं नाही, म्हणून बाप्तिस्मा लांबवतोय. सम्राट कॉन्स्टंटाइननेही तो ३३७ साली, मृत्यूच्या थोडं आधी घेतला, असं चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना) ऐकवतो. ते हसतात आणि आधी आईशी बोला म्हणतात. त्यांनी घाई केली असती, तर मी कधीच निघून गेलो असतो.