‘फेरफटका’, ‘रपेट’ की ‘चक्कर’?

प्रश्नकर्ता, छत्रपती संभाजीनगर:
कॉलेजपासूनचा माझा एक मित्र गेल्या वर्षी वारला. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच गाडी काढून दौलताबाद, खुलताबादमार्गे वेरूळपर्यंत गेलो आणि लेणी न पाहताच परतलो. दौलताबादच्या अरुंद दिल्ली दरवाज्यात समोरच्या गाडीला आधी वाट द्यावी की नाही, यावरून आमचे दर वेळी भांडण होत असे. त्याच्यावरच्या स्मरणिकेत मी ‘त्याच्या आठवणीत एकट्यानेच फेरफटका मारला’ असे लिहिले, तर त्याच्या थोरल्या बहिणीने ‘फेरफटका’वर काट मारली. जेवणानंतर पाय मोकळे करणे म्हणजे फेरफटका, असे त्यांचे म्हणणे आहे. मग या जाण्याला काय म्हणावे?

परभणीकर:
ताईंचा आक्षेप योग्य आहे. ‘रपेट’ लिहावे. रपेटीला मुक्काम नसतो. निघाल्या ठिकाणी परत यायचे असते. शब्द घोड्यावरचा असला तरी मोटारसायकलीची रपेट आता सगळेच म्हणतात. शिवाय आपण एकटे गेलात, म्हणून ‘एकांडी रपेट’ असेही लिहिता येईल. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, हे सर्वांना ठाऊक आहेच. ‘एकांडा शिलेदार’ हा प्रयोग तिथूनच रुळला.

अंबाजोगाईची वाचक:
श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी कोणी रपेट मारली असे वाचले, तर माझ्या डोळ्यांपुढे फेटाच येतो. मला खरी अडचण ‘आठवणीत’ या शब्दात दिसते; ते ‘की याद में’चे मराठी रूप आहे. आपल्याकडे आठवण येते, नाही तर आपण ती काढतो. येते ती न बोलावता, आणि काढतो ती बहुधा चार माणसे जमल्यावर. आपण तर ती यावी म्हणून गाडी काढली, आणि याला क्रियापद सापडत नाही. माझी आजी ‘सय’ म्हणत असे. सय नुसती येते, ती कोणी काढत नाही. संस्कृतातली ‘स्मृती’ पालीत ‘सति’ होते, तिच्याच कुळातला हा शब्द असावा असे मला वाटते. जाण्यापुरते म्हणाल, तर ‘वेरूळपर्यंत जाऊन आलो’ एवढे पुरे. नुसते ‘गेलो’ मात्र लिहू नये. आपल्याकडे घरातून निघतानासुद्धा ‘येतो’ म्हणतात.

जालनेकर:
‘स्मरणार्थ’ हा शुद्ध शब्द असताना एवढी यातायात कशासाठी?

नांदेडकर:
स्मरणार्थ पाणपोई बांधतात, आणि देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नाव रंगवतात. त्या शब्दाला पावतीचा वास येतो. निजामाच्या राज्यात, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 पूर्वी, माझ्या वडिलांचे शिक्षण उर्दूतून झाले. ‘तुझी लई याद आली’ असे ते म्हणत, आणि त्यात आम्हांला काही परके वाटले नाही.

जालनेकर:
वाटले नसेल, पण शब्द फारसीच आहे. घरात बोलणे वेगळे आणि छापणे वेगळे.

नांदेडकर:
मग स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची ‘यादी’ छापू नये. तीही त्याच ‘याद’पासून आलेली आहे.

प्रश्नकर्ता:
मी ताईंना पुन्हा विचारले. ‘चक्कर’ लिही, असे त्यांनी सांगितले, कारण तो तोच शब्द वापरत असे. पण छापील मजकुरात ‘चक्कर मारली’ बरे दिसेल का?

परभणीकर:
चक्कर मारतात तशी ती येतेही. श्राद्धानंतर चक्कर आली, असा कोणी अर्थ घेतला तर? मी रपेटीवर ठाम आहे. घोडा नसला म्हणून काय झाले?

अंबाजोगाईची वाचक:
‘जाऊन आलो’मध्ये काय उणे आहे, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.

जालनेकर:
‘यादी’ मराठीत रुळली आहे, ‘याद’ रुळलेली नाही. दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

नांदेडकर:
रुळली नाही ती जालन्यात. नांदेडच्या कोणत्याही गल्लीत येऊन ऐकावे.